नाटो पट्टा मनगटावर नीट बसवताना: आतापर्यंतचं काम

घड्याळाचा कापडी पट्टा टोचायला लागला की बहुतेक जण आधी जास्त मऊ पट्टा शोधतात. मी बरेच पट्टे उसवून आणि पुन्हा शिवून पाहिले आहेत. त्यावरून माझं मत असं झालंय की मऊपणाचा वाटा यात थोडाच असतो. थर कुठे साठतात आणि बकल मनगटावर नेमकं कुठे येऊन थांबतं, या दोन गोष्टींवर सगळं अवलंबून असतं. सध्या मी दोन नायलॉन पट्ट्यांवर काम करतोय, दोन्ही २० मिमी रुंदीचे. एकाचे थर कमी करून बकल सरकवलं आणि दुसऱ्यात इलॅस्टिकचा तुकडा घातला. त्यांची ही नोंद.

मोजमाप

कात्री हातात घेण्याआधी मोजून घ्यायचं. व्हर्नियर कॅलिपरवर पट्ट्याची जाडी १.२ मिमी भरली. नाटो पट्ट्यात एक लांब पट्टी असते आणि बकलपाशी जोडलेली एक आखूड पट्टी. दोन्ही घड्याळाखालून जातात, म्हणजे तिथे २.४ मिमी कापड. बकलपाशी तर लांब पट्टीची दुहेरी घडी, आखूड पट्टीचं टोक आणि वरून येणारं शेपूट (लांब पट्टीचं मोकळं टोक) असे चार थर होतात. ते जवळपास ५ मिमी, आणि त्यावर धातू वेगळा.

घड्याळ अडीच मिलिमीटर वर उचललं गेलं की त्याचा भार वर जातो आणि हात हलला की ते एका बाजूला कलंडतं. कलंडू नये म्हणून आपण पट्टा एक भोक आवळतो. आवळला की बकल रुततं. दुखतं बकलपाशी, पण कारण घड्याळाखाली असतं. हे लक्षात आलं की कुठे कापायचं ते आपोआप कळतं.

मनगट दोनदा मोजावं, एकदा सकाळी आणि एकदा उकाड्यात किंवा भरपूर चालून आल्यावर. माझ्या मनगटाच्या घेरात ५ मिमीचा फरक पडतो. पट्ट्यावरच्या भोकांमधलं अंतर ६ मिमी. म्हणजे हवं असलेलं भोक बहुतेकदा दोन भोकांच्या मध्ये पडणार.

तिसरी गोष्ट, घड्याळ घालून हात टेबलावर लिहायच्या स्थितीत ठेवायचा आणि बकल कुठे आलंय तिथे शिंप्याच्या खडूने त्वचेवर खूण करायची. डाव्या हातावर बकलची बाजू करंगळीकडून येते. पट्टा मनगटाच्या मानाने लांब असेल तर बकल मध्यभाग ओलांडून अंगठ्याकडे, नाडीच्या जागेकडे जातं. तिथे त्वचा पातळ आणि खाली शिरा. मनगटाच्या आतल्या बाजूचा सपाट मध्यभाग हीच बकलची जागा.

आतली पट्टी काढली

ही आखूड पट्टी उगाच नसते. ब्रिटिश संरक्षण मंत्रालयाने १९७३ मध्ये ‘डेफ स्टॅन ६६-१५’ हे मानक काढलं, त्यातला हा पट्टा: नायलॉनचा, राखाडी, २० मिमी, क्रोमचा मुलामा दिलेल्या पितळी कड्यांचा. सैनिकांना तो मागवायला जी १०९८ हा फॉर्म भरावा लागे, म्हणून त्याला जी-१० असंही म्हणतात. आखूड पट्टीच्या टोकाला असलेली कडी घड्याळाला लांब पट्टीवरून घसरू देत नाही. एक स्प्रिंग बार (पट्टा घड्याळाला धरून ठेवणारी बारीक दांडी) तुटला तरी घड्याळ हातात राहतं ते मात्र लांब पट्टीमुळे, कारण ती दोन्ही बारांखालून सलग जाते. त्यामुळे आखूड पट्टी काढली तरी ती सुरक्षा टिकते.

आणि काढल्याचा दुसरा फायदा जाडीपेक्षा मोठा निघाला. आखूड पट्टीची लांबी ठरलेली असते, त्यामुळे घड्याळ आणि बकल यांच्यातलं अंतरही जवळपास ठरून जातं. ती गेली की घड्याळ लांब पट्टीवर हवं तिथे सरकवता येतं आणि बकल सरळ मध्यावर आणता येतं. बारीक मनगटाच्या माणसाने दुसरं काही केलं नाही तरी एवढं करून पाहावंच.

कापायची पद्धत अशी: शिवण असेल तर उसवायची, अल्ट्रासॉनिक वेल्डिंग (कंपनांनी वितळवून केलेला जोड) असेल तर वेल्डच्या अगदी लगत धारदार ब्लेडने कापायचं. कापलेलं टोक लायटरने जाळू नये. ज्योतीत नायलॉनचा काळा मणी बनतो, आणि तो थंड झाला की काचेसारखा ओरखडतो. मी सोल्डरिंग आयर्नची चपटी बाजू वापरतो. नायलॉन ६ सुमारे २२० अंश सेल्सिअसला वितळतं, नायलॉन ६६ सुमारे २६० ला, पॉलिएस्टरही त्याच्याच आसपास. आयर्न त्याच्या थोडं वर ठेवायचं, कडेवरून एकदाच फिरवायचं आणि गरम असतानाच दोन स्टीलच्या पट्ट्यांत दाबायचं. कड कापडाइतकीच सपाट राहते. खिडकी उघडी ठेवा आणि वितळलेल्या कडेला बोट लावू नका, ते त्वचेला चिकटतं.

आता घसरण्याचा प्रश्न. हातावर असताना काही होत नाही. पण पट्टा काढून बकल धरून उचलला, तर घड्याळ शेपटाकडून सरळ निसटू शकतं. त्यावर उपाय म्हणजे इलॅस्टिकचं एक घट्ट वेटोळं. घड्याळ ओवल्यानंतर ते शेपटाकडून चढवायचं आणि सहाच्या अंकाकडच्या लगला (पट्टा जिथे अडकतो त्या घड्याळाच्या टोकाला) टेकवून ठेवायचं. धातूची मोकळी कडी इथे उपयोगाची नाही, ती पकडतच नाही. इलॅस्टिक पट्टीभोवतीच्या घेरापेक्षा थोडं आखूड कापलं की आपोआप पकड येते.

ज्यांच्या घड्याळात मागच्या बाजूला नाडी मोजणारा ऑप्टिकल सेन्सर आहे, त्यांच्यासाठी एकेरी काय नि दुहेरी काय, खालून जाणारा कुठलाही पट्टा चालणार नाही. सेन्सर झाकला जातो. तिथे दोन तुकड्यांचा पट्टाच हवा.

बकल सरकवलं

दोन भोकांच्या मध्ये नवं भोक पाडावं हा विचार पहिल्यांदा सगळ्यांच्याच मनात येतो. हिशोब केला की तो टिकत नाही. भोकं ६ मिमी अंतरावर, प्रत्येक साधारण २ मिमीचं. मध्ये आणखी एक पाडलं तर दोन्हीकडे १ मिमी कापड उरतं, आणि त्यावर बकलच्या काट्याचा सगळा ताण. ते फाटणारच. मग भोकांऐवजी बकलच अर्ध्या अंतराने सरकवलं तर? सगळीच भोकं ३ मिमीने सरकतात आणि हवं ते बरोबर जागेवर येतं.

नुसतं ३ मिमी सरकवून चालत नाही, कारण घडीवर काट्यासाठी ६ मिमी लांबीची चीर असते. ३ मिमीवर नवी चीर घेतली तर ती जुनीत मिसळून लांबलचक फट होईल. म्हणून मी साडेतीन भोकांइतकं, म्हणजे २१ मिमी सरकवलं. जुनी चीर नव्या घडीपासून १८ ते २४ मिमीच्या पट्ट्यात गेली. आत दुमडायला मला १६ मिमी पुरत होतं, त्यामुळे जुनी चीर असलेला तुकडा कापूनच टाकता आला. ताज्या, न भोसकलेल्या कापडावर बकल बसलं. शिवाय शेपूट २१ मिमीने आखूड झालं, आणि ते दुमडून कडीत खोचण्याची गरज संपली. म्हणजे बाहेरच्या बाजूचाही एक थर गेला.

नवी चीर आयर्नच्या बारीक टोकाने वितळवून घेतली. ब्लेडने चिरली तर ताण्याचे (उभे) धागे सुटतात. आधी जाड सुईने धागे बाजूला सारायचे आणि मग कडा नुसत्या बंद करायच्या, असं केलं तर कमी धागे तुटतात. माझ्या पट्ट्यात बकलशेजारची कडी त्याच घडीत अडकलेली आहे, त्यामुळे दोन शिवणी हव्यात, एक बकल आणि कडी यांच्यामध्ये आणि एक कडीच्या पलीकडे.

शिवण हाताने घातली, चामड्याच्या कामात घालतात तशी. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावायच्या आणि त्या एकाच भोकातून समोरासमोरून काढायच्या. मशीनच्या टिपेत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात, एक तुटला की टीप उसवत जाते. या टिपेत एक टाका गेला तरी बाकीचे तसेच राहतात. दोरा पॉलिएस्टरचाच घ्या. सुती दोरा घामाने कुजतो. मशीन वापरणार असाल तर १६ नंबरची सुई लावा आणि टाका ३ मिमीच्या खाली नेऊ नका. दाट टाके म्हणजे कापडावर ओळीने पाडलेली भोकंच.

दोऱ्याची गाठ त्वचेकडे येऊ द्यायची नाही, थरांच्या मध्ये दाबायची. एवढीशी गाठ दिवसभरात मनगटावर लाल ठिपका उमटवते.

इलॅस्टिक

दुसऱ्या पट्ट्यात वेगळा प्रयोग आहे. भोकं कितीही बारीक अंतरावर आणली तरी मनगट दिवसभर बदलतच राहतं, मग पट्ट्यानेच थोडं ताणावं. ही कल्पना जुनी आहे. फ्रेंच नौदलाचे पाणबुडे पॅराशूटच्या इलॅस्टिक पट्ट्या घड्याळाला लावत, त्या घाटाचे पट्टे आजही लोकप्रिय आहेत. मला पूर्ण इलॅस्टिक नको होतं, कारण त्यात जड घड्याळ धावताना उसळतं. म्हणून फक्त बकल आणि बाराच्या अंकाकडचा लग यांच्या मधला तुकडा बदलला.

ही जागा निवडण्याचं कारण ओवण्यात आहे. पट्टा शेपटाकडून स्प्रिंग बारांखालून जातो, त्यामुळे बकलजवळचा जाड जोड स्प्रिंग बारखालच्या अरुंद फटीतून कधी जावाच लागत नाही. शेपटाच्या बाजूला जोड घेतला असता तर पट्टा ओवताच आला नसता.

इलॅस्टिक विणकामाचं हवं, गोफासारखं गुंफलेलं नको. गुंफलेलं ताणलं की अरुंद होतं आणि बाजूने त्वचेला कापतं. उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेलं ताणल्यावरही रुंदी राखतं. आत रबराच्या तारांपेक्षा स्पॅन्डेक्स असेल तर उत्तम, घाम आणि त्वचेच्या तेलाने रबर लवकर मरतं.

मोकळं इलॅस्टिक ३० मिमी ठेवलं, दोन्हीकडे ८ मिमी नायलॉनवर चढवलं. मनगटातला ५ मिमीचा फरक त्यात सुमारे १७ टक्के ताण म्हणून सामावतो, आणि चांगलं विणलेलं इलॅस्टिक तेवढं सहज झेलतं. शिवण झिगझॅग घातली. रुंदीला आडवी सरळ टीप मारली तर तिथेच फाटायला सुरुवात होते.

या जोडामागे एक भीती होती: दारात वगैरे पट्टा अडकून झटका बसला तर इलॅस्टिक किती ताणेल? त्यासाठी बाहेरच्या बाजूने ६ मिमी रुंदीची पातळ नायलॉन फीत दोन्ही जोडांना शिवली, मध्ये ७ मिमी सैल ठेवून. रोजच्या ताणात ती मोकळीच असते, झटका बसला की तीच भार घेते. ती दिसते, पण मला त्याचं काही वाटत नाही.

भोक निवडताना सकाळी, मनगट सर्वांत बारीक असताना, इलॅस्टिक जेमतेम ताणलेलं असावं. संध्याकाळी सैल वाटावं म्हणून सकाळीच सैल बांधलं, तर घड्याळ पुन्हा कलंडायला लागतं.

पाण्याबद्दल थोडं. नायलॉन ओलावा शोषतं आणि ओलं झालं की किंचित सैलावतं, पॉलिएस्टर जवळजवळ शोषतच नाही. पोहणाऱ्यांनी पॉलिएस्टर घ्यावं. नवा ताठ पट्टा कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन, ओला असतानाच उलटसुलट वाकवत राहिलं की बराच नरमतो.

अजून राहिलेलं

बकलच्या खालच्या बाजूला त्वचा आणि धातू यांच्यामध्ये एक पातळ जीभ शिवायची आहे. ज्यांना निकेलची ॲलर्जी आहे त्यांनी हे आधी करावं. युरोपीय संघात त्वचेला सतत लागणाऱ्या वस्तूंमधून निकेल सुटण्याची मर्यादा दर आठवड्याला दर चौरस सेंटिमीटर ०.५ मायक्रोग्रॅम आहे, पण मुलामा घासून गेलेल्या जुन्या बकलाचा भरवसा धरता येत नाही. जीभ १.२ मिमीच्या पट्टीची केली तर आत्ताच कमी केलेला थर परत येईल, म्हणून पातळ मायक्रोफायबर बघतोय.

दुसरं काम सुती कॅनव्हासच्या पट्ट्याचं. सूत वितळत नाही, जळतं, त्यामुळे वरची कड बंद करायची कुठलीच पद्धत त्याला लागू पडत नाही. कडा दुमडल्या तर दोन्ही बाजूंना दुहेरी जाडी येते, आणि ती बरोबर मनगटाच्या हाडावर. पातळ फितीची गोट लावून पाहायची आहे. कुणी कॅनव्हासला गोट लावली असेल तर फितीची जाडी किती घेतली आणि स्प्रिंग बारखालून जाताना ती अडकली का, तेवढं सांगा.