एका बटणाची गोष्ट

लेकाच्या शाळेच्या ब्लेझरचं बटण तुटलं म्हणून आज मुद्दाम इथल्या, इंग्लंडातल्या हाय स्ट्रीटवर, म्हणजे मुख्य बाजाररस्त्यावर, चालत गेले. सुया-दोरे, लेस, बटणं विकणारं ते चिंचोळं दुकान बंद. काचेवर भाड्याने देण्याची पाटी. तिथल्या आजी काउंटरला ठोकलेल्या पितळी पट्टीवर रिबन मोजायच्या. त्यांना बघून मला थेट दादरचं मॅचिंग सेंटर आठवायचं.

२००९ च्या जानेवारीपर्यंत वूलवर्थ्स या दुकानसाखळीची ८०० हून जास्त दुकानं कायमची मिटली, तेव्हा मी इंग्लंडात नवीन होते. शेवटच्या सेलमधून दोन पातेली उचलली होती, आणि तीही आनंदात! मग २०१६ ला बीएचएस, २०२१ ला डेबनहॅम्स, २०२३ ला विल्को, अशा साखळ्या एकेक करून बंद झाल्या. आता उरलेत व्हेपवाले (ई-सिगारेट विकणारे), न्हावी आणि दानात आलेल्या वस्तू विकणारी चॅरिटी शॉप. भाडं, वीजबिल, बिझनेस रेट्स (दुकानाच्या जागेवरचा कर), सगळं खरं. पण मी तरी त्या आजींकडे वर्षातून कितीदा जायचे? फार तर दोनदा.

घरी येऊन बटण ऑनलाइन मागवलं. एक मिळतच नाही, ५० चं पाकीट घ्यावं लागलं. उद्या येतंय. कुणाला हवीत का? ४९ आहेत.