गोधडीचा आराखडा

गोधडीविषयी मराठीत जे काही लिहिले-बोलले जाते त्यात ऊब, माया आणि आजी या तीन गोष्टी हमखास येतात, आणि तेवढ्यावरच विषय संपतो. उबेविषयी माझी तक्रार नाही. नागपूरला लोक उन्हाळ्यासाठी ओळखत असले, तरी २९ डिसेंबर २०१८ रोजी येथील पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, त्यामुळे उबेची किंमत आम्हांला कोणी समजावून सांगायला नको. माझे म्हणणे इतकेच की मायेच्या कौतुकात कसबाचे कौतुक राहून जाते. शहराच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत गोधड्या शिवून देणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांना मायाळू म्हणावे असा पुरावा माझ्याकडे फारसा नाही, कारण गिऱ्हाइकाशी त्या मोजके आणि बहुधा तिरकसच बोलतात. पण त्यांच्याइतकी पारखी नजर पाटबंधारे खात्यातल्या आरेखकाच्या नोकरीत मी फार थोड्यांपाशी पाहिली, आणि निवृत्तीनंतर माझ्या हातात सुई आली ती त्या नजरेमुळेच.

लोक जुन्या साड्यांचे गाठोडे घेऊन येतात आणि काम शिवण्यापासून सुरू होते अशी त्यांची समजूत असते. मावशींचे काम गाठोडे सुटले की सुरू होते. साडी हातात आली की प्रथम त्या तिच्या काठाशी एक धागा ओढून काढतात आणि काडी लावतात. सुती धागा कागदासारखा जळून त्याची भुरभुरीत राख होते. पॉलिस्टर वितळते आणि टोकाला टणक गोळी राहते. गोळी दिसली की साडी बाजूला पडते. एकदा एका गृहस्थांनी आपल्या दिवंगत आईची साडी अशी बाजूला पडलेली पाहून बरीच विनवणी केली, तेव्हा मावशी म्हणाल्या, "आठवण म्हणून कपाटात ठेवा ना भाऊ. अंगावर घेसान तं रातभर घाम पुसत बसान." शेवटी ती साडी त्यांनी मधल्या थरात घेतली, पण दोन्ही अंगांना सुती पातळेच लावली. नंतर रंगाची परीक्षा होते. पांढरी चिंधी ओली करून साडीवर घासायची आणि चिंधीला लाली आली तर ती साडी आधी दोन-तीनदा धुऊन आणायला सांगायची, असा तेथला नियम आहे.

मला सर्वांत चकित केले ते त्यांच्या साडीविषयीच्या भूगोलज्ञानाने. नेसलेली साडी सगळीकडे सारखी विरत नाही. निऱ्यांचा खालचा भाग पावलाशी घासून झिरझिरीत होतो, बसण्याचा भाग ताणला जाऊन पातळ होतो, आणि कमरेशी आत खोचलेले पहिले टोक मात्र उन्हाच्या वाट्याला न आल्यामुळे मूळ रंगाचे राहते. म्हणजे एकाच साडीत मजबुतीच्या निदान तीन प्रती आणि रंगाच्या दोन छटा असतात. मावशी विरलेला भाग वरच्या अंगाला घेतात, कारण तोच सर्वांत मऊ असतो, पण त्याच्या बरोबर खाली दुसऱ्या साडीचा घट्ट भाग येईल अशी मांडणी करतात. उडालेल्या जांभळ्याशेजारी त्याच साडीतला न उडालेला जांभळा त्या अशा बेताने ठेवतात की दुरून पाहणाऱ्याला तेथे सावली पडल्याचा भास व्हावा. याला माया म्हणायचे असेल तर म्हणावे. आमच्या कार्यालयात याला संकल्पन म्हणत असत.

हे ज्ञान त्यांच्याकडे कोठून आले, याचे थोडे उत्तर शहराच्या इतिहासात आहे. त्यांचे यजमान एम्प्रेस मिलमध्ये होते. जमशेटजी टाटांची ही गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी, म्हणजे व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले त्याच दिवशी सुरू झाली, आणि तिच्या भोंग्यावर या भागातल्या कित्येक घरांच्या चुली पेटत होत्या. सूत, वीण, मांड हे शब्द त्या घरांत भाजी-भाकरीइतके सहज बोलले जात. आता गिरणीच्या जागेवर मॉल उभा आहे आणि तेथे रजया मिळतात, त्याविषयी मावशींचे मत छापण्याजोगे नाही.

शिवण्याची रीतही विचार करायला लावणारी आहे. थर ओसरीवर अंथरून चारी कोपऱ्यांवर वजने ठेवायची, हाताने सळ काढत लांबलांब कच्चे टाके घालून थर एकमेकांना धरून ठेवायचे आणि मग कडेपासून धावदोरा सुरू करून चौकटीच्या आत चौकट घेत मध्याकडे यायचे, अशी ती रीत आहे. पाश्चात्त्य पद्धतीने हाताने गोधडी शिवणारे बहुधा मध्यापासून सुरुवात करून बाहेर जातात, म्हणजे जास्तीचे कापड आपोआप कडेकडे सरकते आणि मध्ये चुण्या पडत नाहीत. आरेखकाच्या बुद्धीला ही पद्धत अधिक सुरक्षित वाटते. उलट दिशेने येणाऱ्याला प्रत्येक चौकटीत थोडे थोडे कापड जिरवत यावे लागते, कारण मध्याशी पोचल्यावर उरलेल्या फुगवट्याला जायला जागाच नसते. कर्नाटकातल्या सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या स्त्रियाही गोधडी शिवताना कडेपासूनच आत येतात. मावशींच्या गोधडीच्या मध्यावर मी पट्टी लावून पाहिली आहे, फुगवटा नसतो. त्यांचा डावा तळवा टाक्याच्या पुढे पुढे सरकत कापड चाचपत असतो आणि सगळा हिशेब त्या तळव्यात चालतो.

गोधडी ही पाहण्याची वस्तू आहे, असे मी म्हणू लागलो तेव्हा घरच्यांनी ते निवृत्त माणसाचे खूळ समजून सोडून दिले. मग मी त्यांना अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातील जीज बेंड या वस्तीची हकीकत सांगितली. तेथल्या कृष्णवर्णीय स्त्रिया शेतात वापरलेल्या, गुडघ्यांवर विरलेल्या कपड्यांच्या गोधड्या पिढ्यान्‌पिढ्या शिवत आल्या; २००२ साली त्या गोधड्या ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयांत भिंतींवर लागल्या आणि २००६ मध्ये अमेरिकेने त्यांची टपाल तिकिटे काढली. ती चित्रे मी मोठ्या उत्साहाने मावशींनाही दाखवली. रंगांची जुळणी त्यांना पसंत पडली, एका गोधडीतला तांबडा पट्टा तर त्यांनी बोट ठेवून दोनदा पाहिला, पण भिंतीवर टांगण्याचा प्रकार पाहून त्या म्हणाल्या, "काहून? भितीले थंडी वाजते का?"

माझा स्वतःचा छंद सुरू झाला तो एका जुन्या गुंडाळीमुळे. नकाशे टिकावेत म्हणून ते पूर्वी ट्रेसिंग क्लॉथवर काढीत असत. हे निळसर झाकेचे, खळ देऊन कडक आणि गुळगुळीत केलेले अतिशय तलम सुती कापड असते. बाद झालेल्या तुकड्यांची खळ गरम पाण्यात काढून जुने आरेखक त्यांचे हातरुमाल करीत. असे काही तुकडे माझ्या ट्रंकेत पडून होते. ते मी मावशींकडे नेले. त्यांनी धागा जाळला, राख चोळून पाहिली, एक तुकडा रात्रभर भिजत टाकला आणि दुसऱ्या दिवशी तो गालाला लावून म्हणाल्या, "एवढं सोन्यासारखं कापड, अन् यावर धरणं काढत होते तुम्ही?" त्या कापडाची एक लहानशी बाळगोधडी मी त्यांच्या ओसरीवर बसून शिवली, आणि तेव्हापासून नात्यागोत्यात बाळ जन्मले की मला काम मिळते. गांधीबागेतल्या कापडबाजारात आता मी ग्राहकाच्या नाही, मावशींच्या नजरेने फिरतो, आणि दुकानदारांना ते फारसे आवडत नाही.

एका बाबतीत आमचे जमत नाही. मी आधी आलेख-कागदावर आराखडा काढतो, प्रत्येक तुकड्याला क्रमांक देतो आणि मगच कात्री उचलतो. मावशी तुकडे अंथरतात, ओसरीच्या पायरीवर जाऊन उभ्या राहतात, परत येतात आणि एखादाच तुकडा हलवतात. त्यांच्या पद्धतीने करून पाहावे असे मला वाटत नाही. त्यांच्याकडून घ्यायचे ते मी घेतले आहे, आणि पट्टी-पेन्सिल ही माझी आहे. शिवाय नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात काढणाऱ्याचे, तपासणाऱ्याचे आणि मंजुरी देणाऱ्याचे नाव लिहिण्याचे रकाने असतात, त्यांची सवय जाता जात नाही. मावशींच्या एकाही गोधडीवर नाव नाही, साल नाही. "निदान साल तरी टाका," असे मी सुचवले, तर "मी का कुठी पळून चालली?" असे उत्तर मिळाले. माझ्या गोधड्यांच्या मागच्या अंगाला, उजव्या कोपऱ्यात, मी तीन बारीक रकाने शिवतो. पहिल्यात माझे आद्याक्षर असते, तिसरा बाळाच्या आईसाठी मोकळा ठेवतो, आणि तपासणाऱ्याच्या रकान्यात मावशींचे आद्याक्षर घालण्याची रीतसर परवानगी त्यांच्याकडे मागितली आहे. तूर्त त्यांनी टाके पाहायला गोधडी ठेवून घेतली आहे.