फिंगरस्टाइल गिटार: मुंबईत एकट्याने वाजवायचं तर

फिंगरस्टाइल वाजवणाऱ्याच्या मागे ना तबला, ना बेस. जाड तारांवर अंगठा बेस सांभाळतो, बाकीची बोटं चाल वाजवतात, आणि लाकडावर पडणारा तळहात ताल धरतो. रियाज सगळेच करतात, पण चांगले चांगले हात मार खातात ते हॉलच्या स्पीकरमधून येणाऱ्या आवाजात.

ब्रिजवरच्या सॅडलखाली (तारा टेकतात त्या पट्टीखाली) बसवलेला पीझो पिकअप, म्हणजे तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा तुकडा, सर्वांत सोयीचा; फीडबॅकही (स्पीकरचा आवाज परत गिटारमध्ये शिरून होणारा घुमणारा आवाज) कमी देतो. पण तार जोरात छेडली की तो बदकासारखा ओरडतो, आणि तळहाताचे ठोके त्याला फारसे ऐकू येत नाहीत. म्हणून बरेचजण गिटारच्या आतून ब्रिजखालच्या लाकडी पट्टीला (ब्रिजप्लेट) चिकटवायचा दुसरा पिकअप किंवा छोटा माइक जोडतात. दोन्ही सिग्नल वेगवेगळ्या चॅनेलवर घ्यावेत, म्हणजे फीडबॅक आला की माइक तेवढा खाली करता येतो. पीझो प्रीअँपशिवाय (सिग्नल मिक्सरजोगा करणारं सर्किट) थेट मिक्सरमध्ये खुपसला की आवाज पातळ आणि कर्कश होतो. गिटारमधला प्रीअँप 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालत असेल तर केबल लावून ठेवू नये. जॅकमध्ये पिन असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते, आणि ती उतरली की आवाज फाटतो.

साउंडवाल्याशी एक गोष्ट आधीच बोलून घ्यावी. गिटार म्हटलं की त्याचा हात सवयीने 100 हर्ट्झखालचे सूर कापणाऱ्या लो-कटवर जातो. सहावी तार नेहमीच्या ईवर 82 हर्ट्झला वाजते, डीवर उतरवली की 73ला, म्हणजे अंगठ्याची अर्धी मेहनत तिथेच कापली गेली. कट 60च्या आसपास मागावा. घुमणारा सूर बहुधा 100 ते 200 हर्ट्झच्या पट्ट्यात सापडतो. तेवढाच अरुंद नॉचने (एक बारीक पट्टाच कापणाऱ्या फिल्टरने) दाबावा, साउंडहोलला रबरी झाकण लावावं, सिग्नल उलटा करणारं फेजचं बटण फिरवून बघावं. रिव्हर्ब (आवाजाला दिलेली हॉलसारखी गुंज) सगळ्यात शेवटी.

डीएडीजीएडी या ट्यूनिंगसाठी (सहावीपासून पहिलीपर्यंत डी-ए-डी-जी-ए-डी) सहावी, दुसरी आणि पहिली तार दोन-दोन सेमीटोन उतरतात. बारा-त्रेपन्नच्या सेटमध्ये (इंचाच्या हजाराव्या भागात पहिल्या तारेची जाडी 12, सहावीची 53) सहावी ढिली पडून फ्रेटवर झणझणते. या ट्यूनिंगमध्ये बरंच वाजवायचं असेल तर ती 56ची घ्यावी. उतरवलेली तार हळूहळू वर सरकते, म्हणून हव्या त्या सुराच्या खाली नेऊन मग वर आणावी. एका ट्यूनिंगच्या रचना कार्यक्रमात सलग ठेवाव्यात.

पावसाळ्याचं प्रकरण वेगळंच. गिटारला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते, आणि जुलैतल्या मुंबईत ती सहज 80च्या वर जाते. पुढची फळी फुगते, ब्रिज वर येतो, बाराव्या फ्रेटवर अडीच मिलिमीटर असलेली तारेची उंची तीनच्या पुढे जाते. मग लोक सॅडल घासायला धावतात. हिवाळ्यात फळी परत बसली की तीच गिटार झणझणायला लागते. त्यापेक्षा पावसाळ्यासाठी दुसरं, ठेंगणं सॅडल करून ठेवावं. सॅडल 1 मिलिमीटरने उतरलं की बाराव्या फ्रेटवर अर्धा मिलिमीटर फरक पडतो. ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली सळई, मानेच्या बाकासाठी असतो, फुगलेल्या फळीवर तो इलाज नव्हे. फिरवायचाच तर एका वेळी पाव आटा. केसमध्ये सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा हायग्रोमीटर ठेवावा. एसी हॉलमध्ये गिटार अर्धा तास आधी उघडून ठेवावी, नाहीतर पहिल्या रचनेतच सूर हलतात. (हार्ड केस घेऊन लोकलने जायचं तर लगेजचा डबा, आणि तोही गर्दीची वेळ टाळून.)

कमाई सुरुवातीला शिकवण्या आणि रेस्टॉरंटमधून होते. सिनेमातल्या गाण्यांच्या अरेंजमेंटने श्रोते जमतात, पण गाण्याची रॉयल्टी मूळ संगीतकाराची. स्वतःच्या चाली हव्यात त्या याचसाठी. आयपीआरएस या संगीतकार-गीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीचं सदस्यत्व घेऊन प्रत्येक रचना तिथे नोंदवावी; शब्द नसल्यामुळे गीतकाराचा वाटाही नसतो. रेकॉर्डिंगला तिची ओळख पटवणारा 12 अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक लागतो, तो सहसा रेकॉर्डिंग ऑनलाइन पोहोचवणारा डिस्ट्रिब्युटर देतो.

जाहिरातवाले ‘बायआउट’ (एकरकमी पैसे देऊन सगळे हक्क) मागतात तेव्हा करार नीट वाचावा. कॉपीराइट कायद्याच्या 2012च्या दुरुस्तीनंतर रेकॉर्डिंगमध्ये वापरलेल्या चालीच्या रॉयल्टीतला संगीतकाराचा वाटा त्याच्या वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो, निर्मात्याला नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा 5 वर्षं धरतो. प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच.