काळी पाचमधला पंधरवडा

ह्यूस्टनहून न्यू ऑर्लिन्सला जाणारा रस्ता साधारण साडेपाचशे किलोमीटरचा आहे, आणि त्यातले जवळजवळ एकोणतीस किलोमीटर गाडी पाण्यावरूनच धावते. अचाफलायाच्या दलदलीवर बांधलेला तो पूल संपता संपत नाही. दोन्ही बाजूंना गढूळ, संथ पाणी, त्यात कमरेइतके बुडून उभे असलेले सायप्रसचे वृक्ष आणि त्यांच्या फांद्यांवरून लोंबणारे राखाडी शेवाळासारखे झुबके. दादा गाडी चालवत होता, आणि मागच्या सीटवर त्याची बारा वर्षांची मुलगी ट्रम्पेटची पेटी मांडीवर घेऊन बसली होती. बॅटन रूजला मिसिसिपी ओलांडताना तिने मला विचारले, "आत्या, ते खरंच कागद काढून घेतात का गं?" शिबिराच्या माहितीपत्रकात तसे लिहिलेले होते, आणि तिच्या मनात तीच एक भीती होती. शाळेच्या बँडमध्ये दोन वर्षे ती स्वरलिपी वाचून वाजवत आली होती; समोर कागद नसताना ट्रम्पेट तोंडाला लावण्याची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

मुलांसाठीचे हे जॅझचे उन्हाळी शिबिर दोन आठवड्यांचे होते. सकाळी नऊ ते दुपारी तीन, दहा ते सोळा वर्षांची सुमारे चाळीस मुले, आणि शिकवायला शहरातले वाजवते कलाकार. शिबिराचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण लिहायचे आहे ते तिथल्या मुलांविषयी, आणि त्यांची ओळख उघड करण्याचा अधिकार मला नाही. पालकांना मागच्या रांगेत शांत बसण्याची मुभा होती. दादा दुसऱ्याच दिवशी कामासाठी परतला आणि मी मात्र पंधरा दिवस त्या रांगेतून हलले नाही. मी स्वतः अनेक वर्षे ख्याल शिकले आहे. 'सुचणे' ही गोष्ट शिकवता येत नाही, ती रियाझाच्या पोटी आपोआप येते, अशी माझी पक्की समजूत होती. ती समजूत त्या खोलीत मोडली.

पहिल्या सकाळी कागद ठेवायच्या घोड्या खरोखरच भिंतीशी नेऊन ठेवल्या गेल्या. सत्तरीच्या घरातल्या एका ट्रॉम्बोनवादक गुरुजींनी पियानोवर एक स्वर धरला आणि सगळ्यांना तो गळ्यातून काढायला सांगितला. तो स्वर म्हणजे आपल्या पेटीवरची काळी पाच, सप्तकातली पाचवी काळी पट्टी. ट्रम्पेटवाल्या मुलांच्या लेखी तोच स्वर 'सी', म्हणजे पांढरी एक. ऑल्टो सॅक्सोफोनवाल्यांच्या लेखी तो 'जी', म्हणजे पांढरी पाच. कारण ही वाद्ये घडवली जातानाच वेगवेगळ्या पट्टीत घडवलेली असतात आणि प्रत्येकाच्या कागदावर एकाच नादाचे नाव वेगळे लिहिलेले असते. गुरुजींनी ही सगळी नावे बाजूला सारली. "हे आपले घर," एवढेच ते म्हणाले. मला तो षड्ज कळायला कोणाची मदत लागली नाही. त्यानंतरचा पाऊण तास एकाही मुलाने वाद्याला हात लावला नाही. गुरुजी एक छोटी ओळ गात आणि मुले ती परत गात. तेच स्वर पुरेसे अंगी मुरले की मग वाद्यावर. "जे गाता येत नाही ते वाजवू नका," हे वाक्य त्या दोन आठवड्यांत मी शंभर वेळा तरी ऐकले असेन.

मग ताल. चार मात्रांत टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर द्यायची. ज्याचा कान समेवर वाढला आहे त्याला हे किती अवघड जाते, ते स्वतः करून पाहिल्याशिवाय कळायचे नाही. माझा हात पुन्हा पुन्हा पहिल्या मात्रेवर पडत होता. माझ्या पुढे बसलेल्या दहा वर्षांच्या ढोलवाल्या मुलाने मागे वळून माझ्या मनगटाला हलकेच बोट लावले, पहिल्या मात्रेला दाबून धरले आणि दुसऱ्या मात्रेला सोडले. असे त्याने आठ-दहा वेळा केले, तेव्हा हात वळणावर आला. स्विंग, म्हणजे जॅझची झोल देणारी लय, हीदेखील अशीच शिकवली गेली, व्याख्या न सांगता. एका मात्रेत दोन स्वर असले तरी ते समान वाटून घ्यायचे नाहीत. मात्रेचे मनात तीन भाग करायचे, पहिल्या स्वराला दोन द्यायचे आणि दुसऱ्याला एक. मुले चालता चालता 'डू-बा, डू-बा' असे म्हणत होती आणि दादऱ्याचा झोल त्यांच्या पावलांत उतरत होता.

तिसऱ्या दिवशी ब्लूज, म्हणजे जॅझच्या मुळाशी असलेला गीतप्रकार, सुरू झाला, आणि माझ्या मते शिबिराचा सगळा जीव त्यातच होता. बारा बारचे, म्हणजे बारा खंडांचे, आवर्तन: पहिले चार बार षड्जाच्या घरात, म्हणजे साथीची स्वरसंगती षड्जावर उभी, मग दोन मध्यमाच्या, दोन परत षड्जाच्या, नवव्या बारला पंचम, दहाव्याला मध्यम, आणि शेवटचे दोन पुन्हा घरी. प्रत्येक बारच्या चार मात्रा धरल्या तर अठ्ठेचाळीस मात्रा होतात, म्हणजे सोळा मात्रांच्या तीनतालाची बरोब्बर तीन आवर्तने. हा हिशेब बोटांवर करताना मला अगदी माहेरी आल्यासारखे वाटले. या आराखड्यावर प्रत्येक मुलाने एकेक सोलो, म्हणजे एकट्याने सुचेल तसा तुकडा, वाजवायचा, पण स्वर फक्त तीनच वापरायचे: सा, कोमल गंधार आणि मध्यम. तीन स्वर सगळ्यांनाच येतात, त्यामुळे बोटांची चिंता उरत नाही. मग मुलाला भाग पडते ते लयीशी खेळणे, स्वर लांबवणे, तोडणे, उशिरा आणणे आणि थांबणे. एका मुलीने पहिले चार बार एकच कोमल गंधार वाजवला, पण प्रत्येक वेळी वेगळ्या जागी, आणि गुरुजी डोळे मिटून मान हलवत राहिले. पुढे पंचम, कोमल निषाद आणि दोन मध्यमांमधला तीव्रही आला. शुद्ध आणि तीव्र मध्यम लागोपाठ घेताना मुलांचे चेहरे उजळत, आणि मला ललत राग आठवत राहिला. तो गंधार तर कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी राहतो. पियानोवर तो सापडत नाही, ट्रॉम्बोनच्या सरकत्या नळीवर मात्र हमखास सापडतो.

त्याच दिवशी दुपारी माझ्या भाचीच्या ट्रम्पेटमधून आवाजच निघेना. जेवणाच्या सुट्टीत तिने तिन्ही व्हॉल्व्ह, म्हणजे बोटांनी दाबायचे दट्टे, काढून तेल घातले होते आणि घाईत परत बसवले होते. गाल फुगवून ती फुंकत होती, डोळ्यांत पाणी आले होते. तिच्याहून चार वर्षांनी मोठी एक मुलगी शेजारी येऊन बसली. तिने पहिला व्हॉल्व्ह उचलून त्यावर कोरलेला बारीक आकडा दाखवला, मग दुसरा, मग तिसरा. दुसरा व्हॉल्व्ह आपल्याच नळीत होता, पण अंगाभोवती थोडा फिरलेला. त्यामुळे त्याची भोके नळ्यांच्या तोंडांशी जुळत नव्हती आणि हवेला वाट मिळत नव्हती. त्या मुलीने तो सावकाश फिरवला, 'टक्' असा बारीक आवाज झाला, आणि पुढची फुंकर आरपार गेली. नंतर दोघींनी पाण्याची चावी उघडून नळीत साठलेले थेंब जमिनीवर झटकले. एवढ्यावर त्यांची मैत्री झाली.

मधल्या रविवारी आम्ही दोघी ट्रेमे वस्तीतल्या काँगो स्क्वेअरला गेलो. आज तो लुई आर्मस्ट्राँग पार्कचा भाग आहे: गोलाकार मांडलेली फरशी आणि वर ओक वृक्षांची घनदाट सावली. 1817 साली नगरपालिकेने गुलामांच्या जमावांना हीच एक जागा, तीही रविवारपुरती, नेमून दिली, आणि आफ्रिकेतून ओढून आणलेल्या माणसांनी इथे आपले ढोल व नाच जिवंत ठेवले. बंदी घालण्यासाठी आखलेल्या चौकटीत त्यांनी जे जपले, त्याच्याशिवाय या शहराचे संगीत घडलेच नसते. फरशीवर उभी राहून भाचीने दुसऱ्या-चौथ्या मात्रेच्या टाळ्या दिल्या, अगदी हळू.

पार्कमध्ये जॅझचा थोर ट्रम्पेटवादक आर्मस्ट्राँग याचा पुतळा आहे. 1901 साली या शहरात जन्मलेला हा मुलगा 1912च्या शेवटच्या रात्री रस्त्यात पिस्तुलाचा बार काढल्याबद्दल पकडला गेला आणि अकराव्या वर्षी सुधारगृहात पोचला. तिथल्या बँडचे शिक्षक पीटर डेव्हिस यांनी त्याच्या हातात लगेच कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटचे आखूड भावंड, दिला नाही. आधी खंजिरी, मग ढोल, मग बिगुल आणि त्यानंतर कॉर्नेट. भाचीला ही गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आधी ताल." मोठ्यांनी मुलांच्या हातात वाद्य देण्याची ही रीत या शहरात पुन्हा पुन्हा दिसते. न्यूयॉर्कमध्ये अनेक वर्षे काढून 1965 साली परतलेल्या बँजोवादक डॅनी बार्कर यांना वस्तीतली पोरे पितळी वाद्यांच्या ब्रास बँडपासून दुरावलेली दिसली, तेव्हा त्यांनी फेअरव्ह्यू बॅप्टिस्ट चर्चच्या आधाराने मुलांचा बँड उभा केला. पुढे जॅझमध्ये नावाजलेले विंटन आणि ब्रॅनफर्ड मार्सालिस हे दोघे भाऊ लहानपणी त्यात वाजवत होते. संध्याकाळी आम्ही जॅझ ऐकायला प्रिझर्व्हेशन हॉलला गेलो. 1961पासून चालत आलेली ती खोली अगदी लहान आहे, तिथे ध्वनिवर्धक नाही आणि मुलांना मज्जाव नाही. भाची जमिनीवर, ट्रम्पेटच्या तोंडापासून दोन हातांवर बसली होती. कार्यक्रम संपेपर्यंत ती एकदाही माझ्याशी बोलली नाही.

दुसऱ्या आठवड्यात मुलांना एकमेकांचे ऐकायला बसवले. एकाने चार बार वाजवायचे, पुढच्याने त्याला चार बारांत उत्तर द्यायचे; म्हणजे सोळा मात्रांचा सवाल आणि सोळा मात्रांचा जवाब. आपलेच पाठ केलेले तुकडे वाजवणाऱ्या मुलाला गुरुजी मधेच थांबवून विचारत, "त्याने शेवटचा स्वर कोणता ठेवला होता?" उत्तर आले नाही तर पहिल्या मुलाने पुन्हा वाजवायचे. हा कठोरपणा मला फार आवडला. त्यात ओरडणे नव्हते, पण पळवाटही नव्हती.

शेवटच्या शुक्रवारी मैफल झाली. भाचीला दोन आवर्तनांचा सोलो होता. पहिले आवर्तन तिने नेटके वाजवले. दुसऱ्यात सातव्या-आठव्या बारच्या सुमारास ती वाट चुकली. बाहेरून फारसे कोणाला कळले नसेल, पण तिचे खांदे मला ओळखीचे आहेत. तिने ट्रम्पेट ओठांपासून थोडा दूर केला आणि थांबली. तेवढ्यात डबल बास वाजवणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाने नववा बार येताच खालचा पंचम जोरकस ओढला, दहाव्याला मध्यम तितकाच ठळक दिला, आणि अकराव्या बारवर भाची काळी पाच धरून घरात आली. समोरच्यांना ते थांबणे ठरवून केल्यासारखेच वाटले असावे, कारण टाळ्या तिथेच पडल्या.

कार्यक्रम संपल्यावर दादा फुले घेऊन उभा होता, पण ती आधी बासवाल्या मुलाकडे गेली. त्याने तिथे नक्की काय वाजवले, असे तिने विचारले. त्याचे वाद्य खोळीत गेले होते, म्हणून त्याने ती ओळ गाऊन दाखवली. तिने ती एकदा गायली, परत गायली, आणि मग पेटी उघडून ट्रम्पेट बाहेर काढला.