जिमचा भाव काय लागला?

मार्क ट्वेनची ‘हकलबरी फिन’ वाचायला घेताना हाताशी पेन्सिल ठेवावी. घरातून पळालेला गोरा पोरगा हक आणि मालकिणीकडून पळालेला काळा गुलाम जिम तराफ्यावरून मिसिसिपी नदीने जातात, त्याची ही कादंबरी. जिमच्या संदर्भात डॉलरचा आकडा येईल तिथे तो समासात टिपत जावा, एवढंच काम. जिमला धरून द्यावं की नाही, या हकच्या मनातल्या घालमेलीवर भरपूर लिहिलं गेलंय आणि ते योग्यच आहे. पण माणसाला माणूस न मानणं त्या समाजाच्या रोजच्या व्यवहारात किती खोल मुरलं होतं, हे मला या आकड्यांतून जास्त लख्ख दिसतं.

पहिला आकडा ८व्या प्रकरणात येतो : ८०० डॉलर. जिमच्या मालकिणीकडे, मिस वॉटसनकडे, गुलामांचा व्यापारी येतो आणि जिमला एवढी रक्कम मिळू शकते हे तिच्या कानावर जातं. जिमला दक्षिणेत न्यू ऑर्लिन्सला विकायची तिची तशी इच्छा नाही, पण पैशांचा एवढा ढीग बघून तिला मोह आवरणं कठीण जातं. हे जिम चोरून ऐकतो आणि पळतो. मिसूरीतल्या गुलामाला ‘नदीच्या खालच्या अंगाला विकणं’ म्हणजे काय, हे इथे माहीत असायला हवं. दक्षिणेत कापसाच्या आणि उसाच्या मळ्यांवर जिवाचं पाणी होईपर्यंत राबायचं, आणि बायको-पोरांचं तोंड बहुधा पुन्हा दिसायचं नाही. मिस वॉटसन दुष्ट बाई म्हणून रंगवलेली नाही. ती देवभोळी आहे, हकला प्रार्थना शिकवते. अन्याय करायला वाईट माणूसच लागतो हा समज ट्वेन तिथेच मोडतो.

त्याच प्रकरणाच्या शेवटी जिम म्हणतो, मी आता श्रीमंत आहे, कारण मी माझा स्वतःचा मालक आहे आणि माझी किंमत ८०० डॉलर आहे. हे वाक्य विनोद म्हणून वाचून पुढे जाऊ नये. कायद्याने त्याच्या हातात स्वतःला मोजायचं एकच माप दिलंय, आणि तो त्याच मापाने हिशोब मांडतोय.

आता दुसऱ्या बाजूचा आकडा बघा. हकच्या नावावर ६,००० डॉलर आहेत आणि त्यावर रोज १ डॉलर व्याज येतं. म्हणजे जिमची पूर्ण किंमत हकच्या सव्वादोन वर्षांच्या व्याजाच्याही आत बसते. तरी पैसे देऊन त्याला सोडवावं, हा विचार अख्ख्या पुस्तकात हकच्या डोक्यात येत नाही.

११व्या प्रकरणात धरून देणाऱ्याला इनामं लागतात. हकने पळताना आपला खून झाल्याचा बनाव केलेला असतो. हकच्या खुनाचा संशय दोघांवर आहे : त्याच्या गोऱ्या दारुड्या बापावर २०० डॉलर, जिमवर ३००.

१६वं प्रकरण मात्र सावकाश वाचावं. आधी एक नेहमीचा प्रश्न : मिसूरीच्या समोर, नदीपलीकडे इलिनॉय, आणि तिथे गुलामगिरी नाही. मग जिम सरळ पलीकडे का जात नाही? कारण १७९३च्या संघराज्याच्या कायद्याने पळालेल्या गुलामाला मुक्त राज्यातूनही धरून नेण्याचा हक्क मालकाला दिला होता. शिवाय इलिनॉयच्या स्वतःच्या कायद्यांनुसार काळ्या माणसाकडे स्वातंत्र्याचे कागद नसले की त्याला अटक होऊ शकत होती. म्हणून बेत ठरतो तो कैरोला पोचायचा. तिथे ओहायो नदी मिसिसिपीला मिळते. तराफा विकायचा, आगबोटीने ओहायोवरून वर जायचं आणि मुक्त राज्यांत आत शिरायचं. धुक्यात नेमकं कैरोच मागे पडतं. तिथून पुढे तराफ्याचा प्रत्येक मैल जिमला गुलामगिरीच्या आणखी पोटात नेतो. हे ध्यानात ठेवलं नाही तर नदीचा प्रवास नुसती मौज वाटते.

कैरो आता आलंच या आशेवर असताना जिम आपला बेत बोलून दाखवतो. पै-पै साठवायची आणि आधी बायकोला विकत घ्यायचं. मग दोघांनी राबून दोन मुलांना सोडवायचं. मालक विकायला तयार झाला नाही, तर कोणाला तरी सांगून मुलं चोरून आणायची. हे ऐकून हकच्या अंगावर काटा येतो. ज्या माणसाने आपलं काही वाईट केलं नाही, ज्याला आपण ओळखतही नाही, त्याची मुलं हा पळवणार! ‘त्याची’ या एका शब्दावर थांबा. बाप समोर बसून बोलतोय आणि मुलं दुसऱ्याची आहेत. हक मनाने चांगला मुलगा आहे, आणि म्हणूनच हे वाचताना जास्त लागतं. लगेच पुढे पळालेले गुलाम शोधणारे दोघे येतात. तराफ्यावर देवीची साथ आहे असं त्यांना भासवून हक जिमला वाचवतो, आणि ते फळीवर प्रत्येकी २० डॉलरचं सोन्याचं नाणं ठेवून लांबूनच निघून जातात. झाले ४० डॉलर.

३१व्या प्रकरणात ‘राजा’ म्हणवणारा भामटा जिमला परस्पर विकतो, तेही ४० डॉलरला.

पुढच्याच प्रकरणात हक थाप मारतो की आगबोटीवर स्फोट झाला. जिमला जिथे डांबलंय त्या घरची बाई, हकचा मित्र टॉम याची सॅली मावशी, विचारते, कोणाला लागलं का? नाही, एक काळा मेला. बरं झालं, ती म्हणते, कधीकधी माणसांना लागतं. ही बाईसुद्धा प्रेमळ आहे, आणि हे ती सहज बोलून जाते.

जिमला पळवून नेण्याचा साहसी खेळ टॉम रचतो आणि त्यात जखमी होतो. त्याच्या शुश्रूषेसाठी जिम हातातलं स्वातंत्र्य सोडून थांबतो, ते ४२वं प्रकरण. गावकरी त्याला फाशी द्यायला निघतात. त्यांना थांबवतो तो हिशोब : उद्या मालक आला तर भरपाई मागेल. म्हणजे जीव वाचतो तो माल म्हणून. मग डॉक्टर त्याची तारीफ करतो की असा माणूस हजार डॉलरच्या तोलाचा. कौतुकालाही डॉलरशिवाय भाषा नाही. त्या तारिफेचा परिणाम काय? यापुढे त्याला शिव्या द्यायच्या नाहीत असं सगळे ठरवतात. अंगावरच्या साखळ्यांतली एखादी तरी काढतील, पाणी-पावावर ठेवलेल्याला थोडं मांस-भाजी देतील, असं हकला वाटतं. ते कोणी करत नाही.

आणि मग कळतं की दोन महिन्यांपूर्वीच मिस वॉटसन वारली आणि मृत्युपत्राने जिमला मुक्त करून गेली. टॉमला हे पहिल्यापासून माहीत होतं. त्याच्या साहसाच्या खेळासाठी एक स्वतंत्र माणूस कोठडीत सडत होता, आणि मोबदला म्हणून टॉम त्याच्या हातावर ठेवतो ४० डॉलर.

हा शेवट पुस्तकाची कमजोरी आहे असं बरेच जण मानतात. टॉमचा खेळ नको तितका लांबलाय हे मलाही पटतं. पण तारखा बघाव्या. १८६५ साली गुलामगिरी घटनेने संपली आणि १८७७ साली दक्षिणेतल्या काळ्यांच्या हक्कांमागचं केंद्राच्या फौजेचं बळ निघून गेलं. ट्वेन हे पुस्तक १८७६ ते १८८३ या काळात लिहीत होता. कागदावर मुक्त आणि पायात साखळी, असा माणूस त्याच्या भोवतीच होता. (जोतीरावांनी अमेरिकेतल्या लोकांना ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती १८७३ साली, याच्या थोडंच आधी.)

मराठीत हे पुस्तक आणताना दोन ठिकाणी हमखास चूक होते. पहिली, इंग्रजीत ‘एन’ने सुरू होणारा, काळ्यांना हिणवणारा तो शब्द. मूळ पुस्तकात तो २००हून अधिक वेळा येतो. २०११ साली एका अमेरिकन आवृत्तीने त्याजागी ‘गुलाम’ घातला. पण गुलामी ही कायद्यातली स्थिती आहे आणि तो शब्द म्हणजे तुच्छता. ६व्या प्रकरणात हकचा बाप ज्याच्या नावाने थयथयाट करतो, तो ओहायोतला प्राध्यापक मुक्त आहे, मतदार आहे, आणि तरीही त्याच्यासाठी तोच शब्द वापरला जातो. आपल्याकडे ‘निग्रो’ वर्षानुवर्षं नुसतं वर्णन म्हणून छापला गेला, त्याला धार नाही. मराठीत ही तुच्छता नपुंसकलिंगातून नेमकी येते. ‘तो काळा पळाला’ ही बातमी झाली. ‘ते काळं पळालं’ म्हटलं की बोलणाऱ्याने समोरच्याचं माणूसपण काढून घेतलेलं असतं.

दुसरी चूक बोलीची. जिमला ग्रामीण बोली आणि हकला प्रमाण मराठी दिली की जिम वगातला सोंगाड्या होतो. मुळात हकही बोलीतच बोलतो. बोली द्यायची तर दोघांना द्यावी. जिम हकला मायेने हाक मारतो तिथे ‘लेकरा’ चालेल, ‘मालक’ अजिबात नको.

समासातले आकडे शेवटी एकदा ओळीने वाचावे : ८००, ३००, ४०, ४०, १०००, ४०. एक रकाना मात्र कोराच राहतो. जिमच्या मुलांची नावं पुस्तकात आहेत, एलिझाबेथ आणि जॉनी. एलिझाबेथला तापानंतर ऐकू येत नव्हतं हेही आहे. त्याच्या बायकोचं नाव कुठेच नाही. तिला सोडवायला किती डॉलर लागणार होते तेही नाही, आणि शेवटच्या पानावर जिम मुक्त उभा असताना तिची आठवण कोणीच काढत नाही.