ट्रायकडे गेलो, आणि अपीलावर काम झालं

आईच्या प्रीपेड फोनमधून राशिभविष्याच्या नावाने पैसे कटत होते. आई पेपरातलं भविष्यसुद्धा नावं ठेवत वाचते, ती फोनवर पैसे मोजून कशाला ऐकेल?

मी थेट ट्रायकडे, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे लिहिलं. तिथून कळलं की ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही, फार तर कंपनीकडे पाठवते. 1997च्या कायद्याने तिला नियम करायचे, कंपन्यांवर लक्ष ठेवायचं असं काम दिलंय. कंपन्यांचे आपापसातले किंवा सरकारशी असलेले वाद 2000च्या दुरुस्तीपासून टीडीसॅट या दूरसंचार न्यायाधिकरणाकडे जातात. मग आपण कुठे जायचं? तर 2012च्या तक्रार निवारण नियमांप्रमाणे आधी कंपनीचं तक्रार केंद्र आणि नंतर कंपनीतच असलेलं अपील प्राधिकरण. चोराकडेच चोरीची फिर्याद, असं तेव्हा वाटलं खरं.

कस्टमर केअरवरची मुलगी म्हणाली, "सर, चुकून बटण दाबलं गेलं असेल." मी म्हटलं, असेल, पण डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक द्या. "तुमची कम्प्लेंट घेतली आहे सर" एवढ्यावर फोन ठेवू नका. डॉकेट नंबर नसेल तर अपिलाला आधारच उरत नाही.

तक्रार "निकाली" निघाली, पैसे मिळाले नाहीत. तेव्हा प्रीपेडच्या वापराचा आणि कटलेल्या पैशांचा तपशील लेखी मागितला. हा हक्क आहे, आणि शुल्क पन्नास रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. तपशिलात सेवा चालू झाल्याची वेळ होती पहाटे तीनची. फोन तेव्हा देव्हाऱ्याशेजारी चार्जिंगला, आई झोपलेली.

अपील ईमेलने केलं, फी नाही. तक्रारीच्या निकालापासून तीस दिवसांत करायचं आणि 39 दिवसांत निर्णय व्हायला हवा. मी एकच मुद्दा लावून धरला: अशी सेवा चालू करण्याआधी ग्राहकाची दोनदा संमती घ्यावी, असा ट्रायचा 2013चा आदेश आहे, दुसऱ्या संमतीची नोंद दाखवा. ती त्यांना दाखवता आली नाही. पैसे बॅलन्समध्ये जमा झाले.

अपील फेटाळलं असतं तर ग्राहक आयोगात गेलो असतो. टेलिकॉमच्या तक्रारी तिथे चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये स्पष्ट केलंय. त्या अर्जाचा कच्चा खर्डा मी करून ठेवला होता. तो आता शेजारच्या काकांनी नेलाय, त्यांचं ब्रॉडबँडचं डिपॉझिट अडकलंय.