वाचनालयाची अ‍ॅक्सेस फाइल आणि टॉमकॅट : चार रविवारांची नोंद

आमच्या वाचनालयात २००३ सालची एक एमडीबी फाइल आहे, म्हणजे मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस या डेटाबेस प्रोग्रामची फाइल. दाखल रजिस्टर, सभासद, देवघेव, वर्गणी, सगळं तिच्यात. तेव्हा कॉलेजात असलेल्या एका पोरानं उन्हाळ्याच्या सुट्टीत ती बांधून दिली. तो आता कुठे असतो कुणालाच ठाऊक नाही, पण त्याचा फॉर्म अजून चालतो. ग्रंथपाल ताईंची बोटं त्यावर न बघता फिरतात, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "दादा, काय करायचं ते करा, माझ्या स्क्रीनला हात लावू नका." अनुदानासाठी लागणारा वार्षिक अहवालही तिथूनच निघतो. तेव्हा 'अ‍ॅक्सेस फेका, मायएसक्यूएल घाला' (म्हणजे दुसरा, सर्व्हरवरचा डेटाबेस) हा सल्ला मनात ठेवा, मी तो स्वतःला शंभरदा देऊन झालोय.

मला हवं होतं एवढंच: सभासदानं वाचनालयाच्या वायफायवर मोबाइलमध्ये नाव टाकावं आणि पुस्तक कपाटात आहे की बाहेर गेलंय ते दिसावं. एक जुना डेस्कटॉप मोकळा होता. जेएसपी (जावात वेब पानं बनवायची पद्धत) येतं म्हणून ती पानं चालवणारा सर्व्हर, टॉमकॅट ९, निवडला.

पहिला रविवार

पूर्ण वाया. माझ्याकडे विद्यार्थीदशेतला कोड होता, जेडीबीसी-ओडीबीसी पूल, म्हणजे जावाची डेटाबेस-जोडणी विंडोजच्या ओडीबीसी जोडणीशी सांधणारा दुवा, वापरणारा. तो चालवला तर ड्रायव्हरचा क्लासच सापडेना. २०१४ मध्ये आलेल्या जावा ८ मधून हा पूल काढून टाकला आहे, हे मला त्या दिवशी कळलं. मग हट्टानं जुना जावा ७ शोधून घातला. आता क्लास सापडला, पण डीएसएन (ओडीबीसीमधली डेटाबेसची नावानिशी नोंद) आणि प्रोग्राम यांचं आर्किटेक्चर जुळत नाही अशी तक्रार सुरू झाली. मशीनवरचा अ‍ॅक्सेस ड्रायव्हर ३२ बिटचा, जावा ६४ बिटचा. एका प्रोसेसमध्ये ते दोघे नांदत नाहीत.

इथे विंडोजची एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. ओडीबीसीचं सेटिंग उघडणारी फाइल दोन ठिकाणी असते आणि दोन्हींच्या नावात ३२ आहे. त्यातली ६४ बिटची 'सिस्टम३२' फोल्डरमध्ये, आणि ३२ बिटची 'सिसवॉव६४' मध्ये. मी तासभर चुकीच्या खिडकीत डीएसएन बनवत बसलो होतो.

दुसरा रविवार

ओडीबीसीला रामराम. यूकॅनअ‍ॅक्सेस घेतला. हा निव्वळ जावात लिहिलेला जेडीबीसी ड्रायव्हर आहे. त्याला मशीनवर ऑफिस लागत नाही, बिटांचं भांडणही नाही. एमडीबी फाइल वाचायचं काम आतली जॅकसेस नावाची लायब्ररी करते. वाचलेलं सगळं एचएसक्यूएलडीबी या डेटाबेसमध्ये मेमरीत उतरवलं जातं आणि आपली एसक्यूएल क्वेरी प्रत्यक्षात तिथे चालते. म्हणून पहिलं कनेक्शन सावकाश आणि पुढची झटपट. आमची फाइल ४६ एमबीची, पहिल्या शोधाला अकरा सेकंद लागले. फाइल अवाढव्य असेल तर मेमरीऐवजी डिस्क वापरायला सांगता येतं. तशी अ‍ॅक्सेस फाइल २ जीबीच्या पुढे जातच नाही.

दोन ठेचा लागल्या. कनेक्शन पूल (आधीचा पूल नव्हे, तयार ठेवलेल्या जोडण्यांचा साठा) टॉमकॅटच्या कॉन्टेक्स्ट फाइलमध्ये मांडला असेल तर ड्रायव्हरची जार (जावा कोडची गठ्ठा-फाइल) आणि तिच्यासोबतच्या जार टॉमकॅटच्या स्वतःच्या लिब फोल्डरमध्ये हव्यात. नुसत्या अ‍ॅप्लिकेशनच्या आत ठेवून भागत नाही, कारण हा साठा तयार करतो तो टॉमकॅट. दुसरी, जुन्या पुस्तकातून उतरवलेलं 'मॅक्सअ‍ॅक्टिव्ह' हे सेटिंग (एका वेळी जास्तीत जास्त किती जोडण्या). टॉमकॅट ८ पासून त्याचं नाव 'मॅक्सटोटल' झालं. जुनं नाव दिलं तर गाडी अडत नाही, लॉगमध्ये एक इशारा येतो आणि तुमचा आकडा बाजूला पडतो. लॉग वाचा हो.

संध्याकाळी ब्राउझरमध्ये पहिली यादी उमटली. अर्धी मराठीत, अर्धी अगम्य. त्याबद्दल पुढे.

तिसरा रविवार

हातानं चालवलेला टॉमकॅट फाइल वाचत होता, विंडोजची सेवा (मागे आपोआप चालणारा प्रोग्राम) म्हणून लावला की 'फाइल नाही' म्हणायचा. ताईंच्या पीसीवरचं फोल्डर मी झेड ड्राइव्ह म्हणून जोडलं होतं. हे ड्राइव्हचं अक्षर लॉगइन केलेल्या माणसापुरतं असतं. सेवेला ते दिसत नाही. मग पूर्ण नेटवर्क पत्ता दिला. तरी नाही, कारण टॉमकॅटची सेवा 'लोकल सर्व्हिस' खात्याखाली चालत होती आणि ते खातं नेटवर्कवर निनावी म्हणून जातं. वेगळं खातं काढून त्याला फोल्डर वाचायची परवानगी दिली तेव्हा कुठे दार उघडलं.

आणि दार उघडल्यावर मी ते मुद्दाम लावून घेतलं. जॅकसेसला एमडीबीत लिहिता येतं, पण त्याच वेळी अ‍ॅक्सेसही लिहीत असेल तर दोघांमध्ये ताळमेळ ठेवणारं कुणी नाही. ताई इकडे पुस्तक देताहेत आणि तिकडे सभासद मोबाइलवरून आरक्षण करतोय, यात फाइल मोडली तर वीस वर्षांची नोंद जाईल. मूळ डोक्यात असलेलं आरक्षणाचं बटण त्यामुळे काढून टाकलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोला.

आता व्यवस्था अशी: वाचनालय दुपारी १२ ला बंद होतं (संध्याकाळी पुन्हा उघडतं), ताई फॉर्म बंद करून घरी जातात, पीसी चालू राहतो. साडेबाराला सर्व्हरवरची एक बॅच फाइल आधी बघते की शेजारी एलडीबी फाइल आहे का. ती असली तर कुणीतरी अ‍ॅक्सेस उघडा ठेवलाय, त्या दिवशी नक्कल नाही. नसली तर टॉमकॅट थांबवायचा, फाइलची नक्कल आणायची, टॉमकॅट सुरू करायचा आणि स्वतःच एक शोध मारायचा, म्हणजे ते अकरा सेकंद सभासदाच्या वाट्याला येत नाहीत.

चौथा रविवार

अगम्य अर्ध्या यादीचा. साधारण २०११ पर्यंतच्या नोंदी युनिकोडपूर्व फाँटात टाइप केलेल्या आहेत (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक आकडा देणारी पद्धत). फाइलीत प्रत्यक्षात रोमन अक्षरं आणि चिन्हं आहेत. ताईंच्या फॉर्मवर तो फाँट लावलेला असल्यामुळे ती मराठी दिसतात. अक्षरामागे अक्षर बदलून भागत नाही. अशा फाँटात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती नंतर हवी, तीही पूर्ण जोडाक्षर संपल्यावर. रफार उलटा: तिथे अक्षरानंतर, इथे आधी. हे रूपांतर मी नकलेतच एका नव्या रकान्यात करतो. तिथे लिहिणारा मी एकटाच.

मग शोधात 'दऱ्या' सापडेना. दऱ्याखोऱ्यांवरची पुस्तकं कपाटात डोळ्यांसमोर होती. हा ऱ्य युनिकोडमध्ये तीन प्रकारे लिहिला जातो: थेट 'ऱ' घेऊन, 'र' ला नुक्ता (खालचं टिंब) देऊन, किंवा हलन्त 'र' नंतर शून्य रुंदीचा जोडक घालून. दिसायला सारखेच. एनएफसी नियमनानं (सारखी अक्षरं एकाच ठरावीक रूपात आणणारा युनिकोडचा नियम) पहिले दोन एक होतात, तिसरा वेगळाच राहतो. म्हणून शोधाच्या रकान्यात आणि टाइप केलेल्या शब्दात, दोन्हीकडे, आधी एनएफडीनं अक्षर फोडतो, मग नुक्ता आणि जोडक काढून टाकतो. दिसणारं नाव तसंच राहतं.

क्रमवारी अजून लागलेली नाही. युनिकोडच्या आकड्यांप्रमाणे 'क्षितिज' हे 'कौतुक' नंतर आणि 'खजिना' च्या आधी येतं, कारण क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष. ताईंच्या रजिस्टरात क्ष, ज्ञ शेवटी. त्यांना ही यादी दाखवायची हिंमत अजून झालेली नाही.

बाकी त्यांनी काल मोबाइलवर एक पुस्तक शोधून पाहिलं. 'कपाटात आहे' असं आलं. "अहो, हे मी तासाभरापूर्वी दिलंय." पानाच्या वर 'दुपारी १२.३० ची स्थिती' असं लिहिलेलं मी दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, "मग संध्याकाळी फॉर्म बंद केला की मी पीसी अर्धा तास चालू ठेवते. तुमची ती नक्कल तेव्हाही काढा."

बॅच फाइलीत रात्री सव्वाआठची वेळ टाकली आहे.